मांजर आणि कुंडीतली झाडं

आपल्या वर्तकनगरच्या इमारतींत अनेकांची बाग म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधल्या चार कुंड्या. घरात मांजर असेल तर तिची बसायची जागाही तीच! म्हणून कोणतं झाड चालतं आणि कोणतं नाही, हे माहीत हवं.

मनी प्लांट, अळू : यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं अळू खाजतं ते त्यामुळेच. मांजराने पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. त्रास होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही.

कोरफड : आपल्याला औषधी; मांजराला मात्र उलट्या-जुलाब.

कण्हेर : पूजेचं फूल, पण सगळं झाडच विषारी. परिणाम थेट हृदयावर.

लिली : सर्वांत घातक. ही कुंडीतून नाही, तर बहुतेक वेळा पुष्पगुच्छातून घरात येते. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी १ ते ३ दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर आधी ओकतं, मग बरं झाल्यासारखं दिसतं. तिथेच आपण फसतो! (पीस लिली मात्र खरी लिली नव्हे, ती अळूच्या कुळातली.)

निर्धोक : गुलाब, मोगरा, अरेका पाम, स्पायडर प्लांट.

काही चावलेलं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. लक्षणांची वाट न बघता झाडाचं पान घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा.

कृती : घरातल्या कुंड्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ‘चालेल’ किंवा ‘नको’ लिहा.