तीन मायक्रॉनची फट

परभणीच्या काळ्या रानात पलटी नांगर फिरतो तो एप्रिल-मेमध्ये. पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेला असतो, जमीन भेगाळून कडक झालेली असते आणि ट्रॅक्टरवर वर्षातला सर्वांत मोठा भार याच दिवसांत पडतो. सेलू-मानवतपासून गंगाखेड-पालमपर्यंतच्या गॅरेजांत तेव्हा दोन तक्रारी हटकून येतात. एक, सकाळी झटक्यात उचलणारी लिफ्ट दुपारी नांगर उचलायला वेळ लावते. दुसरी, इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा लागत नाही. पहिली तक्रार हायड्रॉलिक पंपाची, दुसरी डिझेल पंपाची. पंप वेगळे असले तरी दोन्हींचं दुखणं एकच, आणि ते म्हणजे आतली गळती.

ही गळती जमिनीवर ठिपकत नाही. पंपाने दाबून पुढे ढकललेलं तेल फिरणाऱ्या भागांमधल्या फटीतून पुन्हा मागे येतं. बाहेरून पंप कोरडा ठणठणीत दिसतो, म्हणूनच तिचं निदान चुकतं.

डिझेल पंपाच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे प्लंजर आणि बॅरलच्या जोडीत, साधारण दोन ते चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. ही जोडी एकमेकींवर घासूनच तयार होते, त्यामुळे एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालून चालत नाही. तिथे रबरी सील नसते, दाब अडवायचं काम ती फटच करते. मात्र फट शून्यही करता येत नाही. तिच्यातून झिरपणारं डिझेलच प्लंजरला वंगण पुरवतं आणि ते बंद झालं की प्लंजर जाम होतो.

अशा फटीतून किती तेल निसटेल याचा हिशेब द्रवशास्त्राने केव्हाच मांडला आहे. दाब दुप्पट झाला तर गळती दुप्पट होते, तेलाचा दाटपणा निम्मा झाला तरी दुप्पट. फट दुप्पट झाली तर मात्र गळती आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीन मायक्रॉनची सहा मायक्रॉन झालेली फट डोळ्यांना दिसणार नाही, बोटाला जाणवणार नाही, पण पंपाचा स्वभाव पार बदलून टाकते. त्यात उन्हाची भर पडते. चाळीस अंशांवरच्या डिझेलचा दाटपणा ऐंशी अंशांना जवळपास निम्म्यावर येतो. नांगरटीच्या दुपारी झिजलेला पंप उघडा पडतो तो यामुळे.

यात वेळेचाही भाग आहे आणि गाडं बहुतेकदा तिथेच अडतं. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरे घेतं, कामावर असताना दोन हजारांच्या आसपास. स्टार्टिंगच्या वेळी प्लंजरचा एक दाब दहापट वेळ चालतो आणि तेवढा वेळ डिझेलला मागे पळायला मिळतो. म्हणजे गळतीचा मोठा वाटा कमी वेगावर असतो, जास्त वेगावर तो नगण्य ठरतो. गरम रोटरी प्रकारच्या डिझेल पंपावर ओलं फडकं ठेवलं की इंजिन लागतं, हा जुन्या मेकॅनिकांचा अनुभव याच कारणाने खरा आहे. डिझेल थंड होऊन दाट होतं, गळती घटते. ही चाचणी म्हणून ठीक आहे, पण तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नये. बॅरल आकसून आतला भाग धरू शकतो.

आता या गळतीच्या भरपाईकडे येऊ. गॅरेजमधला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिझेलचं प्रमाण वाढवून देणं. निसटतं तेवढं जास्त सोडलं की इंजिन लागतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण स्टार्टिंगसाठी वाढवलेलं डिझेल दोन हजार फेऱ्यांवरही पडत राहतं, जिथे गळती जवळपास नसतेच. मग काळा धूर, डिझेलचा खप आणि तापणारं इंजिन मागे लागतं. माझ्या मते हा उपाय नव्हे, दुखणं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं आहे. एलिमेंट झिजला असेल तर तो बदलणं एवढाच खरा मार्ग.

श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं, ते एलिमेंटमधल्या इतक्या बारीक फटी हजारोंच्या संख्येने राखता येऊ लागल्यामुळे. बंगळूरमध्ये १९५१ला निघालेल्या मायको कंपनीने हे तंत्र भारतात रुजवलं आणि पुढे नाशिकच्या सातपूरमध्ये नोझल-इंजेक्टर बनू लागले. विहिरीवरच्या पाण्याच्या पंपात इतक्या सूक्ष्म फटींची गरज नसते. तिथे थोडं पाणी मागे फिरलं तर विजेचं बिल वाढेल, पंप अडणार नाही.

हायड्रॉलिक गिअर पंपातली भरपाई जास्त हुशारीची आहे, आणि मला यंत्रशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी ती एक वाटते. दोन गिअरच्या बाजूला बुश किंवा साईड प्लेट असते. पंपाने तयार केलेलं दाबाचं तेलच तिच्या पाठीमागे नेलेलं असतं. गिअरच्या बाजूने तेल तिला दूर ढकलतं, पाठीमागून त्याहून किंचित जास्त जोराने गिअरवर टेकवतं. दाब वाढला की गळती वाढायला हवी, पण त्याच वेळी प्लेटही आणखी घट्ट टेकते. थोडीफार झीजही ती पुढे सरकून भरून काढते. जोर मोजून ठेवलेला असतो, कारण जास्त झाला तर प्लेट गिअरला घासेल. हा तोल सांभाळते पाठीमागची छोटी रबरी सील, बऱ्याच पंपांत इंग्रजी तीनच्या आकाराची. ती कडक होऊन चिरली की पाठीमागचा दाब निसटतो आणि भरपाई थांबते.

सील किट बदलूनही लिफ्ट सुधारत नाही, असं अनेकदा होतं. दाबामुळे गिअर सक्शनच्या बाजूला सरकतात आणि त्यांचे दात पंपाच्या बॉडीला खोबण पाडतात. साईड प्लेट बाजूची फट सांभाळते, दातांच्या टोकाशी पडलेली खोबण तिच्या हातात नसते. पंप उघडलाच असेल तर सक्शनकडची भिंत आधी पाहावी. ती खोल खरवडलेली असेल तर किटचे पैसे वाया जातात. ट्रॅक्टरला ठरवून दिलेल्याऐवजी जाड तेल ओतण्याचा मोहही टाळावा. लिफ्ट काही दिवस सुधारेल, पण थंडीच्या सकाळी ते तेल पंपाकडे वेळेवर पोहोचणार नाही आणि तेलाविना फिरणारा पंप लवकर संपतो.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल ही डिझेल पुरवण्याची पद्धत आली. तिथे सेन्सर रेलमधला दाब सतत मोजतो आणि कमी पडला की कॉम्प्युटर पंपाला जास्त डिझेल देतो. ही भरपाई नेमकी आहे, प्रत्येक वेगावर वेगळी आहे. धोका एवढाच की ती झीज झाकते. पंपाची ताकद पुरते तोवर चालकाला काही कळत नाही. पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरांवर मात्र अजूनही जुन्या धर्तीचाच पंप मोठ्या प्रमाणावर आहे.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीही शिकवली जाते. नांगरटीआधी, मार्चमध्ये, विद्यापीठाने तालुक्याच्या गावी पंपतपासणीची शिबिरं भरवावीत. शेतकऱ्यांनी तोवर दोन गोष्टी कराव्यात. लिफ्टची तक्रार असेल तर ट्रॅक्टर गरम असताना नांगर वर उचलून, जवळपास कोणी नाही हे पाहून, इंजिन बंद करावं. नांगर लगेच खाली आला तर दोष सिलिंडरच्या सीलचा किंवा व्हॉल्व्हचा. तो जागेवर राहिला आणि फक्त उचलायलाच उशीर लागत असेल, तर संशय पंपावर घ्यावा. आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिला तर बेंचवरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. त्यात फक्त पूर्ण वेगाचा आकडा असेल तर स्टार्टिंगच्या वेगाचाही काढून मागावा, कारण पंप झिजला आहे की नाही हे तोच आकडा सांगतो.