प्रवाळाच्या टाकीला दिवा कोणता?

पांढरे एलईडी आणून पट्टीवर बसवले की झालं, असं वाटतं. माशांपुरतं ते चालेलही. प्रवाळाचं तसं नाही. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोल पोचतो. या शैवालाला सवय निळ्याची. म्हणून ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे ‘रॉयल ब्लू’ हाच दिव्याचा कणा. एका पांढऱ्याला दोन निळे, हे प्रमाण सुरुवातीला ठीक. ४२०चे दोन-चार जांभळे घातले तर काही प्रवाळ हिरवे-नारिंगी चमकतात, हौसेचा भाग. लाल वगळला तरी चालतं.

खरी गंमत जोडणीत आहे. तीन वॅटचा निळा एलईडी ७०० मिलिअँपिअरला साधारण ३.३ व्होल्ट घेतो. एका ओळीत बारा जोडले, की झाले जवळपास ४० व्होल्ट. त्याला साधा अ‍ॅडॉप्टर थेट लावू नका. एलईडी तापला की जास्त करंट ओढतो, मग आणखी तापतो आणि शेवटी जळतो. स्थिर करंटचा ड्रायव्हरच हवा. खाली अ‍ॅल्युमिनियमची हीट सिंक, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. पहिले काही आठवडे दिवा मंदच ठेवा. एकदम प्रखर प्रकाश पडला तर प्रवाळ आतलं शैवाल टाकून पांढरा पडतो.

आणि हो, भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून तुकडा काढून आणणं हा गुन्हा आहे.