तुल्यबल मायानगरे

अपरिचित नगरातून एकवार हिंडून आल्यावर एखाद्याच्या चित्तात तेथील रस्त्यांचा नकाशा आपोआप उमटतो आणि दुसऱ्याला आल्या वाटेने परतणेही दुरापास्त होते, हा भेद मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ संगणकावर आभासी नगरे वसवू लागले आहेत. मनातील नकाशाची कल्पना एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली मांडली, ती उंदरांच्या चक्रव्यूहांवरून. माणसासाठी खरे गाव वसविणे कोणत्याच प्रयोगशाळेला परवडण्याजोगे नव्हते.

अडचण येते ती तुलनेच्या वेळी. त्याच माणसाची दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावयाची, तर पहिले नगर त्याला पाठ झालेले असते. आणि नवे द्यावे, तर गुणांतील तफावत माणसातली की नगरातली, याची खातरजमा होत नाही. म्हणून दुसरे नगर रूपाने भिन्न परंतु काठिण्याने तुल्य असावे लागते. त्यासाठी आराखडा डावा-उजवा उलटवून इमारतींचे दर्शनी भाग बदलण्याची तजवीज करता येते. अंतरे आणि वळणे तेवढीच राहतात. खुणेच्या इमारतींचे कलम मात्र मोठे दगाबाज आहे, कारण एकच उंच मनोरा चार रस्त्यांवरून दिसू लागला, की बाकीचा सारा काटेकोर हिशेब व्यर्थ होतो.

‘सिल्कटन’ हे आभासी नगर अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या ॲम्बलर येथील खऱ्या आवाराबरहुकूम रचलेले असून त्यावरील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन स्वतंत्र मार्गांवरील आठ इमारती शिकून, मग ते मार्ग जोडणाऱ्या वाटांनी जाऊन, प्रत्येक इमारतीपाशी उभ्या असलेल्या परीक्षार्थीने इतरांची दिशा दाखवावयाची, अशी त्यातील परीक्षा. एका मार्गापुरते अचूक असलेले कित्येक जण दुसऱ्या मार्गावरील इमारतींची दिशा विचारताच भरकटतात.

खुर्चीत बसून हिंडणाऱ्याला पायांची आणि अंतर्कर्णाची साक्ष मिळत नाही, हा आक्षेप वाजवीच आहे. तथापि ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोबाइलवरील खेळातले कौशल्य लंडन व पॅरिसच्या प्रत्यक्ष रस्त्यांवरील कौशल्याशी जुळते, असे २०१९ मध्ये आढळले. त्याच खेळाच्या ३८ देशांतील सुमारे चार लाख खेळाडूंच्या नोंदींवरून २०२२ मध्ये आणखी एक गुंता पुढे आला: शिकागोसारख्या चौकटबंद रस्त्यांच्या शहरांत वाढलेले लोक सरळसोट आराखड्यात, तर वेड्यावाकड्या वाटांत वाढलेले लोक तशाच आराखड्यात अधिक सरस ठरतात, म्हणजे एकच नगर सर्वांना सारखेच कठीण असते, हे गृहीतही आता तपासून घ्यावे लागते.