हुर्रमला ‘खलनायिका’ म्हणालो होतो, ते मागे घेतोय

लोकलमध्ये रेंज गेली, इअरफोन घरी राहिले, किंवा ऑफिसात बॉस मागेच बसतो, अशा सगळ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या एका भागात जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं: “‘मेरा सुल्तान’मधली हुर्रम म्हणजे एक नंबर खलनायिका.” खूप जणांनी हसायच्या इमोजी पाठवल्या. पण एका ताईचा व्हॉइस नोट आला, जेमतेम वीस सेकंदांचा. ती म्हणाली, “दादा, तुला चार मुलगे असते, आणि घरात नियम असता की एकच जगणार, तर तू काय केलं असतंस?” एवढं बोलून तिने नोट संपवला.

मला उत्तर देता येईना. मग मी जरा वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की मी पूर्ण मालिका बघूनसुद्धा तिचा पाया मला कळलाच नव्हता. म्हणून हा भाग.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ तुर्की मालिका ‘मुहतेशेम यूझयील’, म्हणजे ‘वैभवशाली शतक’. जानेवारी २०११ मध्ये तुर्कस्तानात सुरू झाली, २०१४ मध्ये संपली. १३९ भाग, आणि एकेक भाग सिनेमाएवढा लांब. पाकिस्तानात ती उर्दू डबिंगमध्ये ‘मेरा सुल्तान’ नावाने गाजली, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी तीच उर्दू आवृत्ती मोबाईलवर बघितली. मीही त्यातलाच. माझी आत्या तर जेवणाचं ताट घेऊन माझ्या फोनसमोर बसायची.

गोष्ट आहे ऑटोमन सुलतान सुलेमानची. राज्यकाळ १५२० ते १५६६. त्याच्या जनानखान्यात आजच्या युक्रेनच्या भागातून पकडून आणलेली एक मुलगी दासी म्हणून येते. तीच पुढे हुर्रम सुल्तान होते. तिच्या आधीपासून सुलेमानच्या मुलाची आई असलेली माहीदेव्हरान तिथे असते. मग विष काय, हेर काय, चिठ्ठ्या काय, काचेच्या बांगड्या फुटाव्यात तशी माणसं मरतात. आत्याचं मत पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं: “सवतींचं भांडण आहे रे हे, बाकी काही नाही. फक्त कपडे भारी.”

कपडे भारी आहेत, यात वाद नाही. पण सवतींचं भांडण? तिथेच आपण फसतो.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. आपल्या डोक्यात राजघराणं म्हटलं की ‘थोरला मुलगा गादीवर’ असं असतं. ऑटोमन घराण्यात तसं नव्हतं. सुलतानाचा कुठलाही मुलगा गादीवर येऊ शकायचा. धाकटा, मधला, कोणीही. जो जिंकेल तो. आणि जो हरेल त्याचं काय? सुलतान दुसरा मेहमेद, ज्याने १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकलं, त्याच्या नावाच्या कायदेसंहितेत हे सरळ लिहिलंय: जगाची घडी नीट राहावी म्हणून गादीवर बसणाऱ्याने आपल्या भावांना मारणं योग्य. म्हणजे हा कोणी चोरून केलेला गुन्हा नव्हता, कायदाच होता. राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही म्हणून शहजाद्यांना दोरीने गळा आवळून मारायचे. १५९५ मध्ये तिसरा मेहमेद गादीवर आला तेव्हा एकोणीस भावांचे जनाजे निघाले. एकोणीस! त्यातले कित्येक लहान पोरं होती.

आपल्याकडे मुघलांचं ‘तख्त या तख्ता’ माहीत आहेच. एक तर सिंहासन, नाही तर शवपेटी. औरंगजेब आणि दारा शुकोह आठवा. फरक इतकाच, की तिथे ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

मालिकेच्या पहिल्या भागात सुलेमान निवांतपणे गादीवर येतो, त्याला भांडायला कोणी भाऊच नसतो. तो बापाच्या जिवावर नशीबवान ठरला होता. त्याचा बाप सलीम याने १५१२ मध्ये स्वतःच्या बापाला गादीवरून खाली खेचलं होतं आणि भावांना संपवलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. या कायद्यामुळे आईची नोकरी काय झाली ते बघा. नोकरीच म्हणतो मी, कारण ती तशीच होती. सुलतानाच्या दासीला मुलगा झाला की सहसा तिचं सुलतानाबरोबरचं नातं तिथे थांबायचं. एका आईला एकच मुलगा. मुलगा मोठा झाला की त्याला एखाद्या प्रांताची सुभेदारी मिळायची, आणि आई त्याच्याबरोबर तिकडे जायची. तिथे त्याचं घर चालवणं, माणसं जोडणं, राजधानीत काय शिजतंय त्याच्या बातम्या काढणं, ताटात विष येत नाही ना ते बघणं, सगळं तिच्याकडे. मुलगा जिंकला तर ती ‘वालिदे सुल्तान’, राज्यातली सगळ्यात ताकदवान बाई. हरला तर मुलगा मेला आणि तिच्या हातात काहीच उरलं नाही.

यात एक थंड डोक्याचा हिशेब आहे. प्रत्येक शहजाद्याच्या मागे एक पूर्णवेळ, फक्त त्याच्यासाठी जगणारा माणूस. आईला दोन मुलांत निवड करावी लागू नये, म्हणून दुसरा मुलगाच नको. क्रूर आहे, पण व्यवस्था म्हणून पक्की आहे.

हुर्रमने ही व्यवस्था मोडली. किंवा सुलेमानने तिच्यासाठी मोडली, कसंही म्हणा. १५२१ मध्ये तिला मेहमेद झाला, आणि मग नियमाप्रमाणे थांबायचं तर थांबले नाहीत. मुलगी मिहरिमाह, मग सलीम, बायझीद, जहाँगीर. एक अब्दुल्ला लहानपणी गेला. सुलेमानने तिला दासीपणातून मोकळं केलं आणि १५३४ च्या सुमाराला तिच्याशी चक्क लग्न केलं. इस्तंबूलला आलेले परदेशी लोक यावर तोंडात बोटं घालून लिहीत होते. १५३३ मध्ये माहीदेव्हरान रिवाजाप्रमाणे आपल्या मुस्तफाबरोबर मनिसाला गेली. हुर्रम मात्र पुढे मुलगे प्रांतात गेले तरी राजधानीतच राहिली.

मालिकेत हे प्रेम म्हणून दाखवलंय, आणि प्रेम होतंच. पण त्या ताईच्या प्रश्नाकडे परत या. चार मुलगे. माहीदेव्हरानचा मुस्तफा जिंकला तर चौघं मेले. हुर्रमचा एखादा जिंकला तर उरलेले तिघं मेले. माहीदेव्हरानला हा खेळ निदान जिंकता तरी येणार होता. हुर्रमला कुठल्याच बाजूने येणार नव्हता! मी ही मालिका अख्खी बघितली आणि हा साधा हिशेब एकदाही केला नाही. मी आपला कोण कोणाच्या झिंज्या उपटतंय ते बघत होतो.

तसं ते झिंज्या उपटणं अगदीच खोटं नाही बरं का. व्हेनिसचा वकील नव्हाजेरो याने १५५३ च्या आपल्या अहवालात लिहिलंय की माहीदेव्हरानने हुर्रमला मारलं, ओरबाडलं. आणि मग सुलतानाचं बोलावणं आल्यावर हुर्रमने, असं ओरबाडलेलं तोंड घेऊन मी समोर येण्याच्या लायकीची नाही, म्हणून जायला नकार दिला. सुलेमानने चौकशी केली आणि प्रकरण बरोब्बर तिच्या बाजूने फिरलं. मालिकावाल्यांना असा सीन आयता मिळाला तर ते सोडतील का? पण हा वकील काही जनानखान्यात बसलेला नव्हता. ऐकीव गोष्ट लिहितोय तो. दरबाराबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच असं दाराबाहेर ऐकलेलं आहे.

एक मोठा बदल मालिकेने सोयीसाठी केलाय. सुलेमानच्या सुरुवातीच्या काळात बायका-मुलं मुख्यतः जुन्या राजवाड्यात राहायची, जिथे आज इस्तंबूल विद्यापीठ आहे. सुलतान आणि दरबार तोपकापीत. मालिकेत सगळे एकाच छपराखाली, एकाच जिन्यावर एकमेकांना आडवे येतात. टीव्हीला जिना लागतोच. आपल्या मराठी मालिकांतला वाडा आठवा, तिथेही सगळी कटकारस्थानं जिन्याखालीच होतात.

आता इब्राहिम. सुलेमानचा जिवाभावाचा दोस्त, १५२३ पासून मुख्य वजीर. मार्च १५३६ मध्ये एका रात्री राजवाड्यातच त्याचा गळा आवळला गेला. तोवर लोक त्याला ‘मकबूल’ इब्राहिम म्हणायचे, लाडका, पसंतीचा. मेल्यावर तो झाला ‘मक्तूल’ इब्राहिम, म्हणजे मारला गेलेला. हे शब्द आपल्यालाही परके नाहीत: मकबूल आणि आपलं ‘कबूल’ एकाच अरबी धातूतून आलेत, आणि मक्तूल व ‘कत्तल’ दुसऱ्या एकातून. मालिकेत याचं खापर जवळजवळ पूर्ण हुर्रमवर फुटतं. पण तेरा वर्षं एवढी सत्ता एका नोकराच्या हातात, आणि नोकर स्वतःला जवळपास सुलतानच समजू लागलेला. अशा माणसाला मारायला सुलेमानला बायकोने कान भरायची गरज होती का? मला नाही वाटत.

आणि मग मुस्तफा. ऑक्टोबर १५५३. सुलेमान इराणवरच्या मोहिमेवर निघालेला, कोन्याजवळ एरेलीला तळ पडलेला. अडतीस वर्षांच्या मुस्तफाला बापाने तंबूत भेटायला बोलावलं. तो आत गेला आणि आतच त्याला मारलं. सांगतात की त्याच्या शिक्क्याचं इराणच्या शहाला लिहिलेलं बनावट पत्र तयार केलं गेलं, आणि ते केलं मुख्य वजीर रुस्तम पाशाने. रुस्तम कोण? हुर्रमचा जावई, मिहरिमाहचा नवरा. म्हणून बोट थेट सासूकडे. त्या काळच्या लोकांनीही तिच्याकडेच दाखवलं.

हे ऐकताना मला आपलं ‘ध चा मा’ आठवलं. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि शाळेपासून आपण काय ऐकतो? ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, आणि केलं आनंदीबाईने. कागदात फेरफार, आणि फेरफारामागे बाई. तुर्कस्तानातही तीच घडण. हुर्रमने हुकूम दिल्याचा कागद कुठे नाही. तिला मुस्तफा नको होता हे उघड आहे, तो जगला तर तिची मुलं मरणार होती. पण सुलेमानकडे बघा ना! वय साठीच्या घरात. मुलगा तरुण, फौजेचा, विशेषतः जानिसारींचा लाडका. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आता काढा: सुलेमानच्या स्वतःच्या बापाने आजोबाला गादीवरून उतरवलं होतं. हे घरातलं उदाहरण त्याला कोणी कानात सांगायला लागत नव्हतं. हुकूम त्याचा होता, तंबूही त्याचाच. फौज खवळली तेव्हा रुस्तमला पदावरून काढलं, आणि दोन वर्षांत परत आणलं. बाप म्हणून सुलेमान मात्र गोष्टीत ‘फसवला गेलेला’ राहिला. किती सोयीचं!

हा भाग तुर्कस्तानात फेब्रुवारी २०१४ मध्ये दाखवला गेला आणि लोक अक्षरशः बुर्साला मुस्तफाच्या कबरीवर गेले. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी फुलं, प्रार्थना, रडारड. याच मालिकेवर सुरुवातीला तक्रारींचा पाऊस पडला होता. पंतप्रधान एर्दोआन यांनी २०१२ मध्ये जाहीर टीका केली की आमचा सुलेमान असा नव्हता, त्याची तीस वर्षं घोड्यावर गेली. म्हणजे जनानखान्यात नाही, लढाईत. त्यांना सुलेमानचं बायकांत बसणं खटकलं.

मुस्तफा गेला म्हणून हुर्रमची मुलं वाचली का? मेहमेद तर दहा वर्षं आधीच, १५४३ मध्ये आजारपणात गेला होता. जहाँगीर मुस्तफानंतर काही आठवड्यांतच वारला. १५५८ मध्ये हुर्रम गेली. तिचे डोळे मिटून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल, तर उरलेले दोघे सख्खे भाऊ, सलीम आणि बायझीद, कोन्याजवळ फौजा घेऊन एकमेकांसमोर उभे. बायझीद हरला, इराणला पळाला. इराणच्या शहाने सोनं घेतलं आणि त्याला मुलांसकट मारेकऱ्यांच्या ताब्यात दिलं. इथे सवत नव्हती, सावत्र भाऊ नव्हता, कान भरणारी आईसुद्धा नव्हती.

माहीदेव्हरानचं पुढे काय झालं हे मालिका संपल्यावर मी शोधलंच नव्हतं. मुलगा मारला गेल्यावर ती बुर्सात राहिली, पैशाची ओढाताण, कर्ज. पुढे राजघराण्याकडून तिचं कर्ज फेडलं गेलं, घर मिळालं. ती १५८१ पर्यंत जगली, हुर्रम, सुलेमान, सलीम सगळ्यांच्या मागे. तिला मुस्तफाच्या शेजारीच पुरलंय, त्याच थडग्याच्या इमारतीत जिथे २०१४ मध्ये गर्दी झाली. ती इमारत बांधून दिली सुलतान सलीमने. हुर्रमच्या मुलाने.

ताईला मी उत्तर पाठवलंय: मला माहीत नाही मी काय केलं असतं, पण तो शब्द मागे घेतो. आणि चौथा सीझन परत लावलाय. आत्याला सगळा हिशेब समजावून सांगितला, तर ती म्हणाली, “मग त्या सुलेमानला कोणी काही बोलत कसं नाही रे?” आणि ताट घेऊन बसली.