‘हॅड’च्या मागून येणारे अप, आऊट, ऑफ

१३ डिसेंबर १९४७. सिडनीच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया दुसरी कसोटी चालू होती. भारताचे विनू मांकड चेंडू टाकायला धावत आले आणि चेंडू हातातून न सोडताच त्यांनी नॉन-स्ट्रायकरच्या बाजूची यष्टी मोडली. बिल ब्राउन क्रीज सोडून पुढे गेला होता, तो धावबाद झाला. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मांकडांनी त्याला अगोदर ताकीद दिली होती आणि तो ऐकेना तेव्हा असंच बाद केलं होतं. तरी ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत गदारोळ उठला. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र पुढे आत्मचरित्रात मांकडांची बाजू घेतली. असं बाद करण्याचा नियम कायदेपुस्तकातल्या ‘अनफेअर प्ले’च्या कलमातून ‘रन आऊट’च्या कलमात यायला २०२२ साल उजाडावं लागलं, याची हळहळ मला अजून वाटते.

इंग्रजीच्या लेखात मांकड कशाला? तर पूर्ण भूतकाळात फ्रेजल व्हर्ब, म्हणजे मागे ‘अप’, ‘आऊट’सारखं लहान शेपूट लागलेलं क्रियापद, काय काम करतं, हे दाखवायला इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही. ‘व्हेन मांकड ब्रोक द विकेट, ब्राउन हॅड बॅक्ड अप टू फार.’ धावेच्या तयारीनं नॉन-स्ट्रायकरनं पुढे सरकायचं, याला क्रिकेटच्या इंग्रजीत ‘बॅक अप’ म्हणतात. आता यातलं ‘हॅड’ काढा. ‘व्हेन मांकड ब्रोक द विकेट, ब्राउन बॅक्ड अप’ म्हटलं की आधी यष्टी मोडली आणि मग ब्राउन सरकला, असा अर्थ होऊ लागतो आणि ब्राउन निर्दोष ठरतो. ‘हॅड’ ठेवून ‘अप’ काढा, तर ब्राउन पुढे नव्हे, उलट मागे सरकला होता, असा अर्थ निघू लागतो. पंचांचा सगळा निर्णय या दोन छोट्या शब्दांवर उभा आहे. ‘हॅड’ क्रम सांगतं आणि ‘अप’ नेमकं काय घडलं ते सांगतं.

गंमत म्हणजे याच १९४७ साली हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाचं तर्कशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यात काळाची उकल करण्यासाठी त्यानं तीन बिंदू मांडले: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो तो क्षण आणि जिथे उभं राहून घटनेकडे पाहायचं तो क्षण. पूर्ण भूतकाळात हे तिन्ही वेगवेगळे असतात. ब्राउनचं पाऊल पडलं तो पहिला, यष्टी मोडली तो पाहण्याचा, आणि तुम्ही हा लेख वाचताय तो बोलण्याचा. मधला क्षण नसेल तर इंग्रजीला ‘हॅड’ची गरजच उरत नाही. हे पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

इतिहास थोडक्यात उरकतो. जुन्या इंग्रजीत ही शेपटं पुष्कळदा क्रियापदाच्या आधी चिकटत. हळूहळू ती मागे गेली. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी ‘टेक’ आणि ‘गेट’सारखी क्रियापदं दिली. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंच आणि पुढे लॅटिन शब्दांचा लोंढा आला, आणि ‘एक्स्टिंग्विश’ दरबारी तर ‘पुट आऊट’ घरगुती अशी विभागणी रुजत गेली. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झालं. ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

पण त्याच्या कितीतरी आधी या क्रियापदांकडे परक्या शिकणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं ते कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळांतून गॉफ स्क्वेअरला पोहोचलं की त्यांचं विटांचं उंच घर दिसतं. मी ते आवर्जून पाहून आलो. जिने चढत सर्वांत वरच्या माळ्यावर गेलं की एक लांबट, भरपूर उजेडाची खोली लागते. तिथं सहा लेखनिक काम करत आणि तिथंच १७५५ चा तो दोन खंडांचा शब्दकोश आकाराला आला. बाहेर चौकात त्यांच्या लाडक्या हॉज मांजराचा ब्राँझचा पुतळा आहे, पायाशी शिंपल्यांसह, कारण हॉजसाठी कालवं आणायला डॉक्टर स्वतः बाजारात जात. शब्दकोशाच्या प्रस्तावनेत ते बजावतात, की क्रियापदाला शेवटी एखादा लहान शब्द जोडून अर्थ पालटणं ही इंग्रजीची खास खोड आहे आणि परकीयांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. एकट्या ‘टेक’चे शंभराहून अधिक अर्थ त्यांनी नोंदवले. त्या माळ्यावर उभं राहून मला वाटलं, आपल्या वर्गातल्या मुलांची अडचण या माणसानं अडीचशे वर्षांपूर्वीच ओळखली होती.

आता माझ्या सर्वांत आवडत्या कुटुंबाकडे वळतो. क्रियापद एकच, ‘डाय’. ‘द विंड हॅड डाइड डाऊन’ म्हणजे वारा पडला होता, पण तो पुन्हा सुटू शकतो. ‘द कस्टम हॅड डाइड आऊट’ म्हणजे प्रथा नामशेष झाली होती, आता परत यायची आशा नाही. ‘द ओल्ड ट्रीज हॅड डाइड ऑफ’ यात जुनी झाडं एकामागून एक मरत गेली होती. आणि ‘द साउंड हॅड डाइड अवे’ यात आवाज विरत विरत ऐकू येईनासा झाला होता. चारही वाक्यांत ‘हॅड’ आहे आणि गोष्टीतल्या एका क्षणी उभं राहून आपण मागे पाहतोय. पण मागे काय शिल्लक आहे, हे चार शब्द चार तऱ्हांनी सांगतात. कोळ्यांनी होडी लोटली तेव्हा ‘द विंड हॅड डाइड डाऊन’ असेल तर संध्याकाळी पुन्हा वारा येईल, हा हिशेब वाक्यातच आहे. कादंबरीकाराला पात्राचा भूतकाळ अर्ध्या ओळीत भरायचा असतो, तेव्हा ‘हॅड’ आणि शेपटाची ही जोडी त्याच्या फार उपयोगी पडते.

‘अप’ आणि ‘आऊट’ काम तडीस गेल्याचं सांगतात, म्हणून पूर्ण भूतकाळाशी त्यांचं चांगलं जमतं. ‘दे हॅड युज्ड अप द रेशन्स’ यात शिधा पार संपलेला आहे. ‘ऑन’ची वृत्ती उलटी, त्याला शेवट नको असतो. ‘द रेन हॅड गॉन ऑन’ एवढंच म्हटलं तर वाक्य अधांतरी राहतं. ‘फॉर थ्री डेज’ असं माप जोडलं की ते जमिनीवर येतं. शाळेत ‘गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आऊट’ अशा याद्या पाठ करून घेतात, त्याला माझा विरोध आहे. यादीत हा स्वभाव दिसत नाही. तो गोष्टीत, एका घटनेच्या आधी दुसरी ठेवली की दिसतो.

मराठी माणसाला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. ‘आंबे खाल्ले होते’ आणि ‘आंबे खाऊन टाकले होते’ यांतला फरक चार वर्षांच्या पोराला कळतो. ‘टाकणं’ इथं फेकण्याचा अर्थ सोडून नुसतं ‘संपलं, उरलं नाही’ एवढंच सांगतं, अगदी ‘हॅड ईटन अप’सारखं. आपल्याकडे तर आणखी बारकावे आहेत. ‘सांगून ठेवलं होतं’ यात पुढची तजवीज आहे, ‘सांगून बसलो होतो’ यात पश्चात्ताप आहे. ‘बसणं’मधली ती चुटपुट इंग्रजीच्या एकाही शेपटात मला आढळली नाही.

मात्र आपली एक सवय इथं आडवी येते. ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो. त्यात जाऊन आलो, आता इथे आहे, एवढंच अभिप्रेत असतं. त्याचं ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ केलं की इंग्रज ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतो, कारण त्याला रायशेनबाखचा मधला क्षण हवा असतो. तो न देताच आपण थांबलेलो असतो. ‘आय वेंट’ पुरेसं होतं. ‘आय हॅड सेट आऊट फॉर पुणे व्हेन द कॉल केम’ इथं मात्र ‘हॅड’ हवंच, कारण फोन आला तो क्षण हजर आहे.

शब्दांच्या जागेचा नियम लहान आहे. ‘हॅड टर्न्ड डाऊन द ऑफर’ चालतं, ‘हॅड टर्न्ड द ऑफर डाऊन’ही चालतं, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘हॅड टर्न्ड इट डाऊन’. आणि आवाजाचा जोर ‘डाऊन’वर. आपण तो क्रियापदावर देतो आणि शेपूट गिळतो, तिथंच अर्थ निसटतो.

बोलण्यात ‘हॅड’ आक्रसून नुसतं ‘ड’ उरतं, ‘वुड’चंही तेच होतं. ‘कम’ आणि ‘रन’ यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच असतं. ‘पुट’, ‘सेट’, ‘कट’ तर तिन्ही रूपांत बदलत नाहीत. मग ‘ही सेड ही’ड कम बॅक’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: तो परत आल्याचं म्हणाला, किंवा परत येईन म्हणाला. साक्षीदाराच्या जबाबात या एका ‘ड’वरून खटला फिरू शकतो. असं वाक्य ऐकलं की मी आजूबाजूची वाक्यं तपासायला लागतो, आणि त्यात मला रहस्यकथेइतकाच रस येतो.

शेवटी ‘पास आऊट’. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आऊट परेड होते, तो ब्रिटिश लष्करी अर्थ. आपण तो कॉलेजांना लावला आणि ‘२०१० चा पासआऊट’ म्हणू लागलो. लंडनमध्ये ‘ही हॅड पास्ड आऊट’ म्हटलं तर तो बेशुद्ध पडला होता असं समजून पाणी आणतील. आपला वापर चुकीचा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाखो लोक एकमेकांना नीट समजून घेत तो करतात. अशी शेपटंवाली क्रियापदं नाम होऊन आपल्याकडे आली, चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, आणि आपण त्यांना पुन्हा आपलं क्रियापद जोडलं. परवा शेजारच्या काकू फोनवर सांगत होत्या, ‘अगं, दिवाळीच्या आधीच मी चेकअप करून घेतलं होतं.’ या एका वाक्यात इंग्रजीचं ‘अप’ आहे, मराठीचं ‘घेणं’ आहे, ‘होतं’ आहे आणि दिवाळी हा मधला क्षणही आहे.