हल्ल्याची तारीख कुणाची?

10 ऑक्टोबर 1943 रोजी रविवार होता. त्या दिवशी अमेरिकन हवाई दलाच्या बी-17 विमानांचा ताफा इंग्लंडहून जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरावर बॉम्ब टाकायला निघाला. म्युन्स्टरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, सरहद्दीच्या अलीकडे, नेदरलँड्समधलं एनस्खेडे लागतं. इचलकरंजीच्या जातकुळीचं, कापडगिरण्यांवर उभं राहिलेलं हे शहर मे 1940 पासून जर्मनांच्या ताब्यात होतं आणि शेजारच्या ट्वेंटे विमानतळावर जर्मन लढाऊ विमानांचा तळ होता. ताफ्यातल्या काही विमानांचे बॉम्ब एनस्खेडेच्या वस्तीवर पडले. दीडशेच्या आसपास नागरिक मेले, आणि तेही ज्यांच्या येण्याकडे शहर तीन वर्षं डोळे लावून बसलं होतं त्यांच्याच हातून. दुसरीकडे, त्याच मोहिमेत अमेरिकनांची तीस विमानं परतली नाहीत. एका विमानात दहा जण, म्हणजे जवळपास तीनशे तरुण मेले, बेपत्ता झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. त्यांच्यातल्या 100व्या बॉम्ब ग्रुपची तेरा विमानं म्युन्स्टरकडे गेली होती. रॉबर्ट रोझेंथाल या वैमानिकाचं एकच विमान तळावर उतरलं.

अशा तारखेला स्मरण करायचं तर कुणाचं? वर्धापनदिनाच्या भाषणांची एक ठरलेली चाल असते. हौतात्म्य, सर्वोच्च बलिदान, कृतज्ञ राष्ट्र हे शब्द येतात, पुष्पचक्र वाहिलं जातं आणि त्या दिवशी नेमकं काय घडलं हे बाजूलाच राहतं. एनस्खेडेच्या तारखेला ही चाल लावताच येत नाही, कारण तिथे सैनिकाचं मरण आणि नागरिकाचं मरण एकाच घटनेत अडकलेलं आहे. आणि म्हणूनच या शहराकडे पाहण्यासारखं आहे. पडलेल्या सैनिकाला बाकीच्यांपासून वेगळं काढून उंच चौथऱ्यावर बसवलं की त्याचा मान वाढतो, असा आपला समज असतो. माझं म्हणणं उलट आहे. त्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली, त्यात मेलेल्या सगळ्यांच्या शेजारी त्याला उभं केलं, तरच तो माणूस म्हणून दिसतो आणि त्याने काय दिलं ते कळतं.

हे सहजासहजी होत नाही. 22 फेब्रुवारी 1944 रोजी जर्मनीतल्या विमान कारखान्यांवर निघालेली अमेरिकन विमानं खराब हवामानामुळे माघारी बोलावली गेली. परतताना जमेल त्या लक्ष्यावर बॉम्ब टाकण्याच्या नादात त्यांनी नायमेखन, आर्नहेम, डेव्हेंटर आणि पुन्हा एनस्खेडे गाठलं. एनस्खेडेत चाळीस माणसं मेली, नायमेखनमध्ये आठशेच्या घरात. पण या मृतांबद्दल उघड बोलणं अवघड होऊन बसलं. जर्मनांच्या ताब्यातली वर्तमानपत्रं अशा हल्ल्यांचा प्रचारासाठी पुरेपूर वापर करत, त्यामुळे तक्रार करणं म्हणजे शत्रूचीच री ओढणं ठरे. युद्ध संपल्यावर दुसरी अडचण आली. 1 एप्रिल 1945 ला, ईस्टरच्या रविवारी, ब्रिटिश रणगाडे एनस्खेडेत शिरले आणि शहर सुटलं. ज्यांनी सोडवलं त्यांच्याच मित्रांवर बोट कोण ठेवणार? शिवाय या मृतांना कुठल्या रकान्यात घालायचं तेही कळेना. ते लढताना मेले नव्हते, छळछावणीत मेले नव्हते, शत्रूनेही त्यांना मारलं नव्हतं. नायमेखनमध्ये माँटेसरी शाळेतली लहान मुलं आणि त्यांना शिकवणाऱ्या धर्मभगिनी मेल्या, त्याच जागी झोपाळ्याच्या रूपातलं स्मारक उभं राहायला 2000 साल उजाडलं.

एनस्खेडेने मात्र एका बाबतीत लवकर शहाणपण दाखवलं. शहरात फॉल्क्सपार्क नावाची बाग आहे. एकोणिसाव्या शतकात व्हान हेक या गिरणीमालक घराण्याच्या देणगीतून कामगारवस्तीसाठी ती झाली. तिथे मारी आंद्रीसेन या शिल्पकाराने घडवलेलं युद्धस्मारक 1953 पासून उभं आहे. ॲमस्टरडॅममधला गोदी कामगाराचा प्रसिद्ध पुतळाही त्याचाच. विजयस्तंभ, घोडा, उगारलेली तलवार यातलं एनस्खेडेच्या स्मारकात काही नाही. ब्राँझच्या सुट्या आकृत्या आहेत. त्यात सैनिक आहे, प्रतिकार चळवळीतली माणसं आहेत, ओलीस आहे, मूल घेतलेली ज्यू स्त्री आहे आणि बॉम्बहल्ल्याचा बळीही आहे. सैनिकाला जागा मिळाली, पण मधली किंवा सर्वांत उंच नाही. तो या बाकीच्यांपैकी एक आहे. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती, दोस्तांच्या बॉम्बविषयी बोलणं अजून अवघड होतं, अशा वेळी बॉम्बने मेलेल्या माणसाला सैनिकाच्या रांगेत बसवणं ही साधी गोष्ट नाही. 4 मे हा नेदरलँड्सचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. संध्याकाळी आठला देश दोन मिनिटं स्तब्ध होतो. त्या दिवशीच्या अधिकृत निवेदनातही नागरिक आणि सैनिक एका दमात येतात, आणि नागरिक आधी येतात. हीच वृत्ती शहराच्या ताज्या जखमेतही दिसते. 13 मे 2000 ला एनस्खेडेतल्या फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट होऊन रोमबेक ही वस्ती उद्ध्वस्त झाली. तेवीस जण मेले, त्यात चार अग्निशामक होते. कर्तव्यावर मेलेले चार आणि घरात किंवा रस्त्यावर मेलेले एकोणीस, यांचं स्मरण एकाच तारखेला, एकत्रच होतं. चौघांचा मान त्याने कमी झाला असं कुणी म्हणत नाही.

आता कबरींकडे वळू. शहराच्या पूर्वेच्या दफनभूमीत ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या कबरी आहेत, त्यात अनेक वैमानिक आहेत. जर्मनीवर रात्री जाणारी ब्रिटिश बॉम्बफेकी विमानं या भागावरून जात आणि ट्वेंटेच्या तळावरची जर्मन रात्रविमानं त्यांना टिपत. सगळ्या शिळा एका मापाच्या, अधिकारी असो की साधा शिपाई. वर हवाई दलाचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव. वैमानिकांच्या शिळेवर पुष्कळदा कामही कोरलेलं असतं: मार्गदर्शक, हवाई तोफची, बिनतारी यंत्रचालक. खाली तारीख आणि वय. वयं विशीच्या आसपासची. तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. काही ठिकाणी शिळा एकमेकींना खेटून लावलेल्या असतात आणि सगळ्यांवर एकच तारीख असते. विमान असं कोसळलं की कुठला देह कुणाचा ते सांगता आलं नाही, याची ती खूण. ज्या अमेरिकनांचे बॉम्ब एनस्खेडेवर पडले ते मात्र इथे नाहीत. अमेरिकेने युद्धानंतर आपले मृतदेह गोळा केले, काही घरच्यांच्या इच्छेनुसार मायदेशी नेले, बाकीच्यांपैकी पुष्कळ नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला मारग्राटेन इथे एकत्र पुरले. तिथल्या 8,300 च्या आसपास कबरींपैकी प्रत्येक कबर स्थानिक कुटुंबांनी दत्तक घेतलेली आहे. फुलं वाहणं, अमेरिकेतल्या घरच्यांशी पत्रव्यवहार ठेवणं, त्या मुलाचा फोटो शोधणं हे काम कुटुंबातल्या पुढच्या पिढीकडे जातं. एका कबरीला एक घर, ही रीत मला सरकारी मानवंदनेहून अधिक मोलाची वाटते, कारण तिला तपशिलाशिवाय भागत नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. ज्या मुलांनी दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी जीव दिला, त्यांच्या स्मरणदिनी त्यांच्या बॉम्बने मेलेल्यांचा पाढा वाचणं ही कृतघ्नता नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे, ते असं की चूक आणि हेतू यांत फरक करायलाच हवा. एनस्खेडेचे नागरिक हे कुणाचंच लक्ष्य नव्हतं. पण सगळंच चुकीवर ढकलूनही चालत नाही. त्या रविवारी म्युन्स्टरमध्ये नेम कारखान्यावर धरायचा नव्हता, भर वस्तीतल्या शहराच्या मध्यावर धरायचा होता, आणि हे ऐकून ताफ्यातले काही जण अस्वस्थ झाले होते, असं त्यांच्यातल्याच लोकांनी पुढे सांगून ठेवलंय. तरीही ते गेले. त्यांच्यातले बरेच परतले नाहीत. हे झाकलं तर हाती उरतो तो ठोकळेबाज वीर. सांगितलं तर दिसतो विशीतला मुलगा, ज्याला मनाविरुद्धचा हुकूम मिळाला होता आणि आपण परतण्याची शक्यता किती कमी आहे हेही माहीत होतं. मला तरी दुसऱ्यापुढे मान झुकवणं सोपं जातं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सगळ्यांनाच आत घेतलं तर रेघ कुठे ओढायची? हा प्रश्न एनस्खेडेपासून फार दूर नसलेल्या फोर्डेन गावात 2012 मध्ये खरोखरच उभा राहिला. गावच्या दफनभूमीत काही जर्मन सैनिकांच्या कबरी आहेत. 4 मेच्या विधीनंतर त्यांच्यासमोरूनही जायचं ठरलं, तेव्हा एक ज्यू संघटना न्यायालयात गेली आणि न्यायाधीशांनी नगराध्यक्षांना त्या वाटेने जायला मनाई केली. मला त्या संघटनेचं म्हणणं पटतं. एनस्खेडेत युद्धापूर्वी तेराशेच्या आसपास ज्यू होते. लेन्डर्ट ओव्हरडाउन या धर्मोपदेशकाने आणि त्याच्या साथीदारांनी शेकडो जणांना लपवलं म्हणून इथे देशाच्या मानाने जास्त लोक वाचले, तरी पुष्कळ जण गेलेच. त्यांच्या स्मरणाच्या संध्याकाळी, त्यांना नेणाऱ्या सत्तेच्या सैनिकांनाही मान देणं म्हणजे घटना पूर्ण सांगणं नव्हे, तिची सरमिसळ करणं आहे. दुःख करायला कुणाचीच हरकत नसावी. नेदरलँड्समध्ये आयसेलस्टाइनला 31 हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या कबरी आहेत आणि तिथे कुणाची आई, कुणाची नात जाऊन रडली तर तो तिचा हक्क आहे. पण दुःख वेगळं, मानवंदना वेगळी. बॉम्बने मेलेला विणकर आणि बॉम्ब टाकताना मेलेला वैमानिक एकाच जुलमाच्या विरुद्ध बाजूला होते. ताबा घेणारा सैनिक त्या जुलमाचा हात होता. रेघ तिथे पडते.

तिसरा आक्षेप काळाचा. ऐंशीहून अधिक वर्षं झाली, साक्षीदार गेले, आता किती उकरायचं? नेदरलँड्समध्ये हे शब्दशः उकरलं जातंय. महायुद्धात त्या देशात साडेपाच हजारांच्या आसपास विमानं कोसळली. ज्यांच्यात अजून मृतदेह असण्याची शक्यता आहे अशी काही सरकार आता पद्धतशीर वर काढतंय. 2020 मध्ये मार्करमेर सरोवराच्या तळातून स्टर्लिंग जातीचं ब्रिटिश विमान काढलं गेलं. 1943 मध्ये सात जणांसह ते बुडालं होतं. जुन्या हवाई छायाचित्रांनी अशा शोधात फार मदत होते. साक्षीदार गेल्यावर भाषणं करणं सोपं होतं, पुरावे जमवणं महाग पडतं. त्या देशाने महागडी वाट धरली आहे.

आपल्याकडे 26 नोव्हेंबरला मुंबईत काय होतं ते या उजेडात पाहावं. त्या तारखेला मुंबईवर झालं ते युद्ध नव्हतं, पण दहशतवादी हल्ला होता, आणि वर्दीतली माणसं त्यात पडली. तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल मराठी माणसाच्या मनात जी माया आहे ती ‘हुतात्मा’ या बिरुदामुळे आलेली नाही. गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर हाती फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून ती आहे. करकरे, कामटे, साळसकर ही नावंही आपल्या तोंडी आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेली, गावाकडे निघालेली माणसं मात्र आकड्यात गेली. ती ओंबळ्यांच्या शेजारी आली तर ओंबळ्यांनी कुणासाठी नळी धरली हेच स्पष्ट होईल. नाईक यशवंत घाडगे यांचंही तेच. माणगावच्या पळसगावचा हा मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान 10 जुलै 1944 ला इटलीत मशिनगनच्या ठाण्यावर एकटा धावून गेला आणि पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याचं स्मारकही उभारलं. पण तो एकटा का धावला? कारण तुकडीचा कमांडर असलेला तो तेवढा उरला होता. त्याच्या तुकडीतले बाकीचे सगळे त्याच माऱ्यात मेले किंवा घायाळ झाले होते. त्यांच्यातल्या मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत आहेत. दर 10 जुलैला घाडग्यांच्या नावानंतर ती वाचायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.