भुईचाफा मेलेला नाही, झोपलाय! (आणि ग्राहकाला ते आधीच सांगा)



डिसेंबरात एक काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "तुमचा भुईचाफा मेला हो. कुंडीत काही उरलंच नाही, माती घंटागाडीत टाकून दिली."

रोप ऑगस्टमध्ये मीच विकलं होतं. माहेरच्या परसात होता तसाच हवा, म्हणून काकूंनी हौसेने नेलेला. तो मेला नव्हता, झोपला होता. पण विकताना हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझीच.

नावात चाफा असला तरी भुईचाफा आलं-हळदीच्या कुळातला. झाडांच्या सावलीत वाढणारा कंद. थंडीत पानं सुकतात, वर काहीच दिसत नाही. मग चैत्र-वैशाखात, पानांच्याही आधी, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं येतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागोमाग दुसरी उमलत राहतात. पानं त्यानंतर येतात: वरून नक्षीदार, खालून जांभळट.

लावायचा कसा?

जागा: मोठ्या झाडाखाली किंवा पूर्वेच्या गॅलरीत. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको.

माती: भुसभुशीत, पालापाचोळ्याचं खत घातलेली. पाणी साचता कामा नये.

कंद: फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण २ इंच खोल लावा.

पाणी: पानं असताना नियमित. पानं पिवळी पडली की कमी करत बंद करा. थंडीत पाणी घालत राहिलात तर कंद कुजतो.

नवी रोपं: २-३ वर्षांनी, झोपेत असतानाच कंद उकरून वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला डोळा हवा.

आता धंद्याचा मुद्दा. त्यानंतर प्रत्येक कुंडीत मी एक पट्टी खोचायला लागलो: "थंडीत मी झोपतो. पाणी नको, फेकू नका. चैत्रात भेटू." खर्च जवळपास शून्य. मार्चमध्ये काकूंना एक कंद फुकट दिला. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर फुलाचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, "अगदी आईकडचा वास."

तुमच्या मालालाही अशी एक थंडी असतेच. मध साखरतो, खोबरेल गोठतं, आणि ग्राहकाला वाटतं भेसळ आहे. बिल करतानाच सांगा. आधी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितलं तर ती सबब.

आज एक काम करा: ग्राहक सगळ्यात जास्त परत आणतो ती वस्तू कोणती, ते बघा आणि तिच्यासाठी दोन ओळींची पट्टी लिहा.